सोलरच्या कामाला लागताय? आधी सेल ओळखा

आयटीआयला इलेक्ट्रिशियन केलं आणि सोलापुरात छतावर सोलर बसवायच्या कामाला लागलो, तेव्हा ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त, अशी माझी पक्की समजूत होती. पहिल्याच एप्रिलमध्ये ती मोडली. स्लॅबवर पाय ठेववत नव्हता आणि मीटरवर व्होल्टेज मात्र जानेवारीपेक्षा कमी. पॅनल खराब आहे, असं मी ग्राहकाला सांगूनही टाकलं. पॅनल ठणठणीत होतं. पॅनलमध्ये वीज तयार करणारा चौकोनी तुकडा म्हणजे सेल, आणि त्याला लागतो तो उजेड. उष्णतेनं त्याची वीज घटते, दर अंशामागे साधारण 0.3 ते 0.4 टक्के. पॅनलवर छापलेले वॅट सेल 25 अंशांवर असतानाचे असतात आणि भर उन्हात तो 60 च्याही वर जातो. म्हणूनच पॅनलखाली वारा खेळायला जागा सोडायची.

मला सेल खरा कळला तो एका फुटक्या पॅनलमुळे. आतला सेल पापडासारखा, पाव मिलिमीटरहूनही पातळ. बोट लागताच तुकडा पडला. तो उन्हात धरून मीटर लावला, तर अर्ध्या व्होल्टच्या वर! अख्ख्या सेललाही जवळपास तेवढंच, सुमारे 0.6. आकार वाढला की करंट वाढतो, व्होल्टेज नाही.

सेल म्हणजे शुद्ध केलेलं सिलिकॉन. त्यात एका बाजूला किंचित बोरॉन, दुसऱ्या बाजूला फॉस्फरस. दोन्ही थर जिथे भेटतात तिथे आपोआप विद्युतक्षेत्र तयार होतं. उजेडानं सुटा झालेला इलेक्ट्रॉन हे क्षेत्र एकाच बाजूला ढकलतं, आणि वरच्या केसासारख्या चांदीच्या रेघा त्याला गोळा करतात. निळी झाक असते ती उजेड परत फिरू नये म्हणून दिलेल्या सिलिकॉन नायट्राइडच्या लेपाची.

असे 72 सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडले की 45 व्होल्टच्या आसपास मिळतात. सिरीज म्हटल्यावर एका सेलवर सावली पडली तरी पूर्ण ओळ अडते. बायपास डायोड तेवढा भाग वगळतो, पण बहुतेक पॅनलमध्ये तीनच डायोड, म्हणजे तिसरा हिस्सा गेलाच. साइट पाहायला जाल तेव्हा टाकी, डिश, कपड्यांची दोरी यांची सावली सकाळी आणि संध्याकाळी कुठे जाते ते स्वतः उभं राहून बघा.

आणि सेलला बटण नसतं. ऊन आहे तोवर तारेत व्होल्टेज आहे. सिरीजमध्ये जोडलेल्या पंधरावीस पॅनलच्या ओळीला, म्हणजे स्ट्रिंगला, 600 व्होल्टच्याही वर, तेही डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज. चालू करंटवर कनेक्टर ओढला तर ठिणगी विझत नाही. आधी इन्व्हर्टर (डीसीची घरगुती एसी वीज करणारं यंत्र) बंद, मग डीसी स्विच, मग तारेभोवती अडकवायच्या क्लॅम्प मीटरवर करंट शून्य दिसला पाहिजे. त्यानंतरच कनेक्टरला हात.