कुठलं व्हर्जन चाललंय ते कसं ओळखायचं? ऑपेरा आणि म्युझिकलवाल्यांसाठी

व्हर्दीच्या डॉन कार्लो या ऑपेराचं पहिलं रेकॉर्डिंग हातात आलं तेव्हा मला वाटलं डब्यातली पहिली सीडीच गायब आहे. गोष्ट आधी वाचून ठेवलेली, फ्रान्समधलं फाँतेनब्लोचं जंगल, हिवाळा, कार्लो आणि एलिझाबेथची पहिली भेट वगैरे, आणि इथे सुरुवातच मठातल्या साधूंच्या कोरसने. दोनदा सीडी उलटसुलट करून बघितल्या, विकणाऱ्याला मनातल्या मनात शिव्यापण देऊन झाल्या. गायब काहीच नव्हतं, चार अंकी व्हर्जन होतं ते, आणि मी पाच अंकीची वाट बघत बसलेले.

तेव्हापासून नियमच केलाय, ऐकायला बसायच्या किंवा तिकीट काढायच्या आधी व्हर्जन कुठलं ते बघायचं. गायक कोण, कंडक्टर कोण, यावर आपण तासन् तास भांडतो आणि समोर वाजणारं संगीत नक्की कुठल्या सालचं हे विचारतच नाही. प्रत्येक कामात एकदोन खुणेच्या जागा असतात, तेवढ्या माहीत असल्या की पुरे.

कार्लोपासूनच घ्या. आधी भाषा बघा, मग अंक मोजा. 1867 ला पॅरिसमध्ये आला तो फ्रेंचमध्ये, पाच अंकी. 1884 ला मिलानच्या ला स्कालासाठी व्हर्दीने पहिला अंक उडवून बरंच नव्याने लिहिलं, ते इटालियन चार अंकी. 1886 ला मोदेनात जंगलाचा अंक परत आला, बाकी 1884 चं तसंच. सगळ्यात सोपी खूण म्हणजे टेनरची, म्हणजे उंच आवाजाच्या पुरुष गायकाची (इथे कार्लोची) आरिया, म्हणजे एकट्याने गायचं गाणं, "इओ ला व्हिदी". तो ती जंगलात गायला तर पाच अंकी, मठात गायला तर चार अंकी, कारण अंक कापताना व्हर्दीने तेवढी आरिया शब्द बदलून उचलली आणि मठात नेऊन ठेवली. आणि काही नवीन प्रॉडक्शन्समध्ये राजा आणि कार्लो, कार्लोचा मित्र पोझा याच्या प्रेतापाशी शोक करताना ऐकू आले आणि सूर ओळखीचा वाटला तर बरोबरच वाटतोय, ते पॅरिसच्या पहिल्या प्रयोगाआधीच कापलेलं, आणि व्हर्दीने नंतर तीच चाल 1874 च्या रेक्विएममध्ये, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीतात, लाक्रिमोसा या भागाला वापरली. काम लांबत चाललं म्हणून ते कापलं, आणि रिहर्सलमध्ये आणखीही कापावं लागलं, कारण काय, तर प्रयोग इतका लांबला की लोकांची उपनगरात जायची शेवटची गाडी चुकली असती! कला वगैरे ठीक आहे, पण गाडी चुकवून चालत नाही.

बिझेच्या कार्मेनची खूण त्याहून सोपी आहे. पहिल्या अंकात पोरांचा कोरस संपला की अधिकारी झुनिगा शिपाई डॉन होसेला समोरच्या सिगारेटच्या कारखान्याबद्दल विचारतो. ते नुसतं बोलले तर बिझेचं 1875 चं मूळ रूप, ऑर्केस्ट्रावर गायले तर गिरोचे रेसिटेटिव्ह, म्हणजे बोलल्यासारखे गायलेले संवाद. बिझे प्रीमिअरनंतर तीन महिन्यांत गेला आणि व्हिएन्नाच्या प्रयोगासाठी त्याच्या मित्राने, म्हणजे गिरोने, संवादांच्या जागी ते घातले. वाईट नाहीत, पण संवादात होसे स्वतः सांगतो की घरच्यांना त्याला पाद्री करायचं होतं, पण खेळात जिंकल्यावर एकाशी भांडण झालं आणि त्यापायी गाव सोडावं लागलं. म्हणजे माणूस आधीपासूनच तापट आहे. हे काढलं की तो बिचारा साधाभोळा शिपाई वाटतो आणि सगळा दोष कार्मेनच्या माथी. म्हणून मी संवादवालं घ्या म्हणेन, गायकांचे फ्रेंच उच्चार कसेही असले तरी.

मोझार्टच्या डॉन जोव्हान्नीमध्ये ओताव्हियो या टेनर पात्राकडे लक्ष ठेवा. 1787 च्या प्रागमध्ये त्याला एकच आरिया, दुसऱ्या अंकातली "इल मिओ तेसोरो". 1788 ला व्हिएन्नात ती काढून पहिल्या अंकात "दाल्ला सुआ पाचे" आली, एल्व्हिरा या स्त्रीपात्राला "मी त्रादी" मिळाली. आज बहुतेक ठिकाणी दोन्हीकडचं सगळं घालतात, ओताव्हियो दोन्ही गातो आणि दुसरा अंक मध्येच रेंगाळतो. ऐकायला गोड, पण मोझार्टने असं एकत्र कधीच मांडलं नव्हतं. एकदा तरी नुसतं प्राग व्हर्जन ऐका, दुसरा अंक कसा पळतो बघा.

म्युझिकलमध्ये घोळ जास्त करून सिनेमामुळे होतो. वेस्ट साइड स्टोरी 1957 ची, स्टेजवर "कूल" पहिल्या अंकात आणि "ऑफिसर क्रपकी" दुसऱ्यात, 1961 च्या सिनेमात या जागांची अदलाबदल. कॅबरेत "माइन हेर" ऐकू आलं तर समजा 1972 च्या सिनेमाची गाणी आत घेतलेली आहेत, 1966 च्या मूळ नाटकात ते नव्हतंच. चेस तर कहरच आहे, 1986 चं लंडन आणि 1988 चं ब्रॉडवे यात शेवटी जिंकणारा खेळाडूच वेगळा! त्यामुळे चेसचा शेवट कुणाला सांगण्याआधी कुठला ते विचारा, नाहीतर दोघंही बरोबर असून रात्रभर वाद घालाल.

उरलं तुरान्दोत. पुच्चिनी 1924 मध्ये काम अर्धवट सोडून गेला, 1926 च्या पहिल्या प्रयोगात कंडक्टर तोस्कानिनीने लिऊ या दासीच्या मरणापाशीच वादन थांबवलं. त्यापुढचं आल्फानो या संगीतकाराने पूर्ण केलेलं. शेवटी कोरस "नेस्सुन दोर्मा" या टेनरच्या आरियाची चाल पूर्ण जोरात उचलतो तो आल्फानोचा शेवट. 2001 चा बेरिओ या संगीतकाराचा शेवट मात्र हळूहळू विरत जातो, कळतच नाही संपलं कधी, तेव्हा तिथे टाळ्यांची घाई करू नका. मी केली होती, आख्ख्या हॉलमध्ये एकटीनेच.