फाउंड्रीतील रिजेक्शनचा हिशेब: आधी कामाचा आराखडा, मग नोंदींची शुद्धता

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे किंवा होनगा परिसरातील एखाद्या फाउंड्रीत (धातू ओतून नग बनवणाऱ्या कारखान्यात) रिजेक्शन, म्हणजे बाद नगांचे प्रमाण, वाढले की मालक, सुपरवायझर आणि हिशेबनीस एकत्र बसतात आणि चर्चा लवकरच नव्या सॉफ्टवेअरकडे वळते. माझे स्पष्ट मत असे आहे की सॉफ्टवेअरचा विचार सर्वांत शेवटी करावा. कास्टिंग (ओतून तयार केलेला नग) नेमके कोणत्या वाटेने जाते, त्या वाटेवर कोण काय लिहितो आणि ते लिहिलेले कितपत खरे असते, हे आधी कागदावर आले पाहिजे. कारण भट्टीजवळच्या वहीत चुकीची पडलेली तारीख संगणकातही चुकीचीच जाणार आहे.

सुरुवातीला प्रश्न एकच आणि लहान घ्यावा. ‘रिजेक्शन कमी करायचे आहे’ हा प्रश्न हाती धरता येत नाही. ‘ग्राहकाच्या मशीन शॉपमधून परत येणाऱ्या पंपाच्या बॉडीतील दोष आपल्या तपासणीत का सापडत नाहीत’ हा धरता येतो. परत आलेला नग सोबत घेऊन उलट दिशेने चालत जावे: डिस्पॅच, तपासणी, फेटलिंग (नगावरचा जादा धातू काढणे), शॉट ब्लास्टिंग (छर्‍यांच्या माऱ्याने सफाई), नॉकआउट (साचा फोडून नग काढणे), ओतकाम, मोल्डिंग (वाळूचे साचे करणे), कोअर शॉप (नगातील पोकळीसाठी वाळूचे गाभे करणारा विभाग), वाळूची मिल आणि शेवटी भट्टीतील चार्ज (वितळवायला टाकलेला माल). ही फेरी एकदा तरी रात्रपाळीत करावी. ऑफिसात बसून काढलेल्या आराखड्यात काम जसे व्हायला हवे तसे उतरते, आणि आपल्याला हवे असते ते काम जसे होते तसे.

आराखड्यासाठी मोठ्या कागदावर आडवे पट्टे आखून प्रत्येक विभागाला एक पट्टा द्यावा. सुरुवात आणि शेवट यांसाठी वर्तुळ, कामासाठी गोलसर कोपऱ्यांचा चौकोन, निर्णयासाठी उभा तिरपा चौकोन आणि क्रमासाठी बाण, एवढी चिन्हे पुरेशी आहेत. ती बीपीएमएन या कामाचा आराखडा काढण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीतील आहेत; तिची २.० ही आवृत्ती २०११ मध्ये आली आणि २०१३ मध्ये तिला आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला. त्यातील बाकीची चिन्हे शिकण्यात वेळ घालवू नये.

प्रत्येक चौकोनाखाली तीन गोष्टी लिहाव्यात: कोणती नोंद होते, ती कोण करतो आणि काम झाल्यावर किती वेळाने करतो. यांतील तिसरी गोष्ट सर्वाधिक बोलकी असते. ओतकामाचे तापमान दर लॅडलला (वितळलेला धातू नेण्याच्या पात्राला) नेमके १४०० लिहिलेले दिसले, तर तो पायरोमीटरवर (तापमापकावर) वाचलेला आकडा नसून पाळी संपताना आठवणीने भरलेला आकडा आहे, असे खुशाल समजावे.

यानंतर एका महिन्याची रिजेक्शनची वही घेऊन ओळीनओळ तपासावी. रिकामे रकाने आणि अशक्य आकडे लगेच दिसतात. त्यांत फार अडकू नये. खरी अडचण एकाच दोषाला पडलेल्या अनेक नावांची असते. एक तपासनीस ‘ब्लोहोल’ लिहितो, दुसरा ‘गॅस होल’, तिसरा नुसते ‘भोक’. त्यातही एक पाळी मराठीत लिहिते आणि दुसरी कन्नडमध्ये. वाळूतील जादा ओलाव्यामुळे किंवा कोअरमधील वायू बाहेर न पडल्यामुळे झालेले छिद्र आणि साच्यातील वाळू सुटून पडल्यामुळे झालेला खड्डा यांची कारणे निराळी असतात आणि उपायही निराळे असतात. परंतु वहीत दोन्ही ‘भोक’ म्हणूनच येत असतील, तर महिनाअखेरीच्या बेरजेतून काहीच हाती लागत नाही.

यावर सर्वांत चांगला उपाय म्हणजे नमुन्यांचा फलक. प्रत्येक दोषाचा एक खरा नग कापून फलकावर लावावा, त्यावर ठळक क्रमांक घालावा, खाली मराठी, कन्नड आणि हिंदीत नाव लिहावे आणि वहीत फक्त क्रमांक लिहिण्याची पद्धत पाडावी. ‘इतर’ असा क्रमांक ठेवावा लागतोच. मात्र त्यात जाणारा प्रत्येक नग बाजूला काढून सुपरवायझरने त्याच पाळीत पाहावा.

तारखेचा नियमही ठरवून घ्यावा. रात्री बारानंतर निघालेली हीट (भट्टीतून एका वेळी वितळवून काढलेला धातू) काही जण आदल्या तारखेत टाकतात, काही दुसऱ्या दिवशीच्या. पाळी ज्या तारखेला सुरू झाली तीच तारीख लिहायची, असे एकदा ठरले की वाळूची चाचणी, हीट आणि तपासणी यांच्या नोंदी एकमेकींशी जुळतात. हीट नंबर प्रत्येक साच्यात उठवलाच पाहिजे. तो नगावर नसेल तर आठवड्यांनी परत आलेल्या कास्टिंगचा मूळ चार्ज शोधण्याचा कोणताही मार्ग उरत नाही.

रिजेक्शनची टक्केवारी नगांवर काढायची की वजनावर, हेही लिहून ठेवावे. समजा, २ किलोचे १०० नग ओतले आणि ५ बाद झाले. ४० किलोचे १० नग ओतले आणि २ बाद झाले. नगांवर रिजेक्शन साधारण ६.४ टक्के येते, तर वजनावर ६०० किलोंपैकी ९० किलो, म्हणजे १५ टक्के. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण बैठकीत एकाने पहिला आणि दुसऱ्याने दुसरा धरला, तर वाद मिटणार नाही.

एका गोष्टीकडे मालकांनी मनापासून लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. मोल्डिंगच्या ठेकेदाराच्या बिलातून बाद नगांची रक्कम कापली जात असेल, तर दोषाचे कारण लिहिताना मोल्डिंगवाले भट्टीकडे बोट दाखवणार आणि भट्टीवाले वाळूकडे. कारण लिहिणारा आणि कपात सोसणारा यांच्यात असा संबंध असेपर्यंत वही खरी होत नाही. निदान सुधारणेच्या काळात तरी कपात थांबवावी आणि कारण तपासणी विभागानेच लिहावे.

नोंदींची अशीच शुद्धता खरेदी खात्यातही लागते; तिथल्या पुरवठादारांच्या यादीत आपल्या सीमाभागाची एक खास अडचण येते. जीएसटी क्रमांक १५ अक्षरी असतो. पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरे पॅनची. कर्नाटकाचा अंक २९, महाराष्ट्राचा २७. पिग आयर्न (कच्चे लोखंड) किंवा स्क्रॅप देणाऱ्या ज्या व्यापाऱ्याची नोंदणी बेळगाव आणि कोल्हापूर अशा दोन्हीकडे असते, त्याचा पॅन एकच असला तरी जीएसटी क्रमांक दोन असतात. पॅन सारखा दिसतो म्हणून त्यांतील एक नोंद पुसू नये, कारण एका बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात) लागतो आणि दुसऱ्यावर आयजीएसटी (एका राज्यातून दुसऱ्या राज्यात). उलट, १ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे अधिकृत नाव बदलल्यामुळे बेळगाव, बेळगावी आणि इंग्रजी स्पेलिंगचे प्रकार अशा तऱ्हांनी एकच पत्ता अनेकदा आलेला असतो. तिथे शहराच्या नावाऐवजी जीएसटी क्रमांक आणि पिन कोड जुळवून पाहावेत.

हे सर्व आधी एकाच मोल्डिंग लाइनवर सुरू करावे, आणि दर आठवड्याला सर्वाधिक वजन बाद करणारे दोनच दोष चर्चेला घ्यावेत. सॉफ्टवेअर विकणारे आले की त्यांना त्यांचा तयार नमुना दाखवू देऊ नये. आपल्या लाइनच्या महिन्याभराच्या नोंदी त्यांच्या हाती द्याव्यात आणि परत आलेल्या एका कास्टिंगवरून त्याची हीट, त्या पाळीतील वाळूचा ओलावा आणि कोअरची बॅच समोरच शोधून दाखवायला सांगावे.