गाडीतला घुमणारा आवाज: आधी उगम शोधा, मग खर्च करा

साठच्या वेगाला गाडीत घूं-घूं आवाज भरू लागला की अनेक जण थेट डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर कमी करणारी चिकट शीट) लावून घेतात. पण आवाज कुठून येतो हे न पाहता केलेला हा खर्च बहुधा वाया जातो.

१. मोकळ्या, सरळ रस्त्यावर वेग तोच ठेवून चौथ्याऐवजी पाचवा गिअर टाकावा. आवाज बदलला नाही, तर तो इंजिनाचा नसून बहुधा चाकांकडचा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर वाढणारा आणि गुळगुळीत डांबरावर येताच उतरणारा आवाज प्रामुख्याने टायरचा असतो.

२. गाडी उभी असताना टायरच्या नक्षीवरून तळहात पुढे आणि मग मागे फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर टायर असमान झिजला आहे. अशा वेळी व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, तपासून घ्यावे. हवा थंड टायरमध्ये, दाराच्या चौकटीवरील स्टिकरप्रमाणेच भरावी.

३. सौम्य डाव्या वळणावर घरघर वाढत असेल, तर उजव्या चाकाच्या बेअरिंगचा संशय घ्यावा, कारण वळताना भार त्या बाजूला जातो. हे दुरुस्तीचे काम मुळीच लांबवू नये.

४. दाराच्या फटीतून वाऱ्याचा आवाज येतो का हे पाहण्यासाठी दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावावे. ती सहज निसटली, तर तिथले रबर बदलावे.

एवढे करूनही आवाज उरला, तरच शीट लावावी. मात्र दाराच्या तळाशी असलेली पाणी निचऱ्याची छिद्रे कधीही बुजवू नयेत, अन्यथा पावसाळ्यात दार आतून गंजते.