‘नैतिक अधःपतना’ची नोटीस आली तर: खाजगी शाळेतल्या शिक्षकांसाठी

बीड असो की हिंगोली, पारावर कुजबुज सुरू झाली की शिक्षकाच्या चारित्र्याचा निकाल संध्याकाळपर्यंत लागतो. कायद्यात तो तसा लागत नाही. खाजगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत, नियम २८(५) मध्ये, शिक्षेच्या कारणांत नैतिक अधःपतन आहे. त्याचा अर्थही तिथेच दिलाय: विद्यार्थी किंवा कर्मचारी, स्त्री असो वा पुरुष, यांच्याशी असभ्य वा अनैतिक वर्तन, आणि तशाच स्वरूपाचं कृत्य. हे ‘तशाच स्वरूपाचं’ काही संस्थाचालक हवं तसं ताणतात. आंतरजातीय लग्न किंवा घटस्फोट त्यात बसवणं टिकणारं नाही.

नोटीस रजिस्टर पोस्टानं येते. ती नाकारू नका. नाकारून मुदत थांबत नाही, उलट पुढं तेच तुमच्याविरुद्ध जातं. लेखी खुलाशाला सात दिवस मिळतात. त्यात ‘माझं चारित्र्य स्वच्छ आहे’ असं पानभर लिहून उपयोग नाही. कोणतं कृत्य, कोणत्या तारखेला, कुठं, कोणासोबत, हे विचारा. ‘वर्तन संशयास्पद’ एवढाच आरोप असेल तर त्याला उत्तर देताच येत नाही, हे स्पष्ट नोंदवा. पोहोच पावती जपा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दडपणाखाली माफीनामा किंवा राजीनामा लिहून देणं. कोऱ्या कागदावर सही तर कधीच नको.

चौकशी समिती तिघांची असते. एक सदस्य संस्थेचा, एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतला, आणि एक तुम्ही नेमायचा, कोणत्याही खाजगी शाळेतला कर्मचारी. तो शक्यतो दुसऱ्या संस्थेतला, नियम वाचलेला निवडा. चौकशीत फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही, त्यामुळं कोर्टातून सुटलात म्हणून चौकशी आपोआप संपत नाही.

बडतर्फीचा आदेश हाती पडल्यापासून ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करा.

आता मुख्याध्यापकांसाठी. लैंगिक अत्याचाराची तक्रार बालकाबाबत असेल तर संस्थेत बसून मिटवायची नाही. पोक्सोच्या, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणं पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. हाताखालच्या माणसाबद्दल संस्थाप्रमुखानं कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शिक्षिकेची तक्रार असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालच्या अंतर्गत समितीकडं, घटनेपासून तीन महिन्यांत.