अचूक साच्यांसाठी सिंकर ईडीएम: ब्रँडची तुलना कशी करावी

कडक केलेल्या पोलादातील खोल रिब (अरुंद खाचा) आणि आतले धारदार कोपरे मिलिंगच्या कटरने काढता येत नाहीत, म्हणून साचे बनवणाऱ्या टूलरूमला सिंकर ईडीएम, म्हणजे आकार दिलेल्या इलेक्ट्रोडमधून तेलात ठिणग्या पाडून धातू झिजवणारे यंत्र, लागते. ती निवडताना माहितीपत्रकांतील आकडे शेजारी शेजारी ठेवून फारसे हाती लागत नाही, कारण धातू काढण्याचा सर्वाधिक वेग, इलेक्ट्रोडची सर्वांत कमी झीज आणि सर्वांत बारीक फिनिश हे तिन्ही एकाच सेटिंगवर कधीच मिळत नाहीत.

त्यापेक्षा आपल्याच एखाद्या अवघड साच्यातील भाग घेऊन चाचणीचा तुकडा ठरवावा, उदाहरणार्थ ५२ एचआरसी (रॉकवेल कडकपणा) पोलादात १ मिमी रुंद आणि ३० मिमी खोल रिब. प्रत्येक विक्रेत्याला त्याच ग्रेडच्या ग्राफाइटचे, तेवढ्याच अंडरसाइझचे (हव्या मापापेक्षा तेवढेच लहान) एक रफ आणि एक फिनिश इलेक्ट्रोड द्यावे, फिनिश व्हीडीआय या खडबडीतपणाच्या मोजपट्टीवर १८ म्हणजे सुमारे ०.८ मायक्रॉन आरए (सरासरी खडबडीतपणा) मागावी आणि काम हाताने फ्लशिंग (तेलाच्या धारेने कचरा धुणे) न करता पूर्ण करण्याची अट घालावी, कारण रात्री यंत्राजवळ तेलाची नळी धरून कोणी उभे राहणार नसते. विक्रेत्याच्या कपाटातला चकचकीत नमुना बघण्यात वेळ घालवू नये. काम झाल्यावर तुकडा वायरकटवर (तारेने कापणाऱ्या ईडीएमवर) रिबला आडवा कापून तळाच्या कोपऱ्याची त्रिज्या, खोलीतील चूक आणि भिंतीचा वरचा व खालचा खडबडीतपणा मोजावा. ब्रँडमधला खरा फरक बहुधा तळाच्या कोपऱ्यात दिसतो.

सोडिकच्या यंत्रांत लिनियर मोटर असल्याने इलेक्ट्रोडची उडी वेगवान होते आणि खोल रिबमधला कचरा त्या हालचालीनेच बाहेर पडतो. मोठ्या क्षेत्रावर एकसारखी बारीक फिनिश हवी असेल तर माकिनोचे पावडर मिसळलेल्या तेलाचे एचक्यूएसएफ तंत्र तपासावे. आजी (Agie) आणि चार्मिल्स या कंपन्यांचा वारसा असलेली, २०२५ पर्यंत जीएफची असलेली फॉर्म मालिका आणि मित्सुबिशी यांनाही हाच तुकडा द्यावा. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिका आणि स्पार्कोनिक्स यांची झेडएनसी यंत्रे साध्या कॅव्हिटीच्या रफिंगसाठी माझ्या मते पुरेशी आहेत. मात्र त्यांत फक्त झेड म्हणजे उभा अक्ष नियंत्रित असल्याने ऑर्बिटिंगसाठी (इलेक्ट्रोड बाजूंना गोल फिरवण्यासाठी) वेगळे जोडसाधन लागते आणि अनेक इलेक्ट्रोडचे बारीक काम त्यांच्याकडून अपेक्षू नये.

इलेक्ट्रोड धरण्याची पद्धत, इरोवा असो वा सिस्टिम थ्री-आर, मिलिंग यंत्रावर आहे तीच ईडीएमवर घ्यावी, नाहीतर प्रत्येक बदलात संदर्भबिंदू पुन्हा शोधावा लागतो आणि महाग यंत्राची अचूकता तिथेच वाया जाते. तेल थंड ठेवणाऱ्या चिलरची किंमत, ठिणगीचा प्रवाह पुरवणाऱ्या जनरेटरच्या कार्डांचा साठा कुठे आहे आणि सर्व्हिस इंजिनिअर किती तासांत येतो, हे लेखी घ्यावे. करारात शेवटचा हप्ता राखून ठेवावा आणि तोच चाचणीचा तुकडा आपल्या शेडमध्ये, आपल्या ऑपरेटरने, पुन्हा त्याच मापात काढून दाखवल्यावरच तो द्यावा.