टर्बो गाडी: चावी फिरवायची घाई नको

घाट चढून आल्या आल्या लगेच इंजिन बंद केलं की टर्बोचं (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं) ऑइल तिथंच थांबतं आणि तापलेल्या बेअरिंगवर जळून त्याचा काळा थर बसतो, आणि टर्बो बदलायचा खर्च काय असतो ते ज्याने भरलाय त्याला विचारा.

सकाळी स्टार्ट केल्यावर अर्धा ते एक मिनिट पुरे, तेवढ्यात बेल्ट लावा, आरसे बघा आणि निघा. दहा दहा मिनिटं उभी ठेवून गरम करण्यात नुसतं डिझेल जातं. पण पहिले चार-पाच किलोमीटर आरपीएमचा काटा २००० च्या आसपासच ठेवायचा, टेम्परेचर वर येईपर्यंत दाबून ओव्हरटेक नाही.

थांबताना मात्र जास्त लक्ष द्या. खोपोलीवरून बोरघाट चढून लोणावळ्यात वडापावला थांबलात तर गाडी लावा, न्यूट्रल, हँडब्रेक, आणि एक-दोन मिनिटं आयडलवर राहू द्या, बाकीचे उतरून चप्पल शोधेपर्यंत तेवढा वेळ जातोच की! बंद करायच्या आधी रेस देऊ नका, बऱ्याच जणांना ती सवय असते, ती आधी सोडा. ऑटो स्टार्ट-स्टॉप असेल तर घाटाच्या आधीच बटण दाबून ऑफ करा, नाहीतर ते टोलला इंजिन बंद करून टाकतं. गावात हळू चालवत घरी आलात तर एवढं थांबायची गरज नाही, शेवटचे दोन किलोमीटर निवांत चालवले तरी तेच काम होतं.

फक्त बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून बसू नका, तो धूर जीवघेणा असतो.