ल्युकेमिया सेल्सवर ड्रग टेस्ट करताय? मग या चुका टाळा

बडोद्यात लाइफ सायन्सला आपली मराठी मुलं बरीच आहेत आणि डेझर्टेशनच्या टायमाला सगळ्यांचे प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एमटीटी टेस्टचा (जिवंत सेल्स पिवळा डाय जांभळा करतात ती) रंग फिका आला की लगेच "कंपाउंडने अपॉप्टोसिस झाला" (अपॉप्टोसिस म्हणजे सेल्सनी स्वतःहून, ठरल्या पद्धतीने मरणं) लिहून मोकळं होणं. अहो, एमटीटी फक्त सेल्सचं मेटाबॉलिझम किती चालू आहे ते सांगतं, सेल्स मेल्या की नुसत्या वाढायच्या थांबल्या हे त्यातून कळतच नाही. सोबत ट्रिपॅन ब्लू (फक्त मेलेल्या सेल्स निळ्या करणारा डाय) लावून मोजा, एकूण आकडा कंट्रोलपेक्षा कमी पण निळ्या सेल्स फारशा नाहीत म्हणजे वाढ थांबलीय, मेलेलं कोणी नाही. आणि क्वर्सेटिनसारखी कंपाउंड्स स्वतःच एमटीटी जांभळं करतात, तेव्हा सेल्स न टाकलेल्या, फक्त मीडियम आणि कंपाउंडच्या दोन-तीन वेल्स ठेवाच.

डीएमएसओ कंट्रोल (ड्रग ज्यात विरघळवतो ते सॉल्व्हंट, ड्रगशिवाय) विसरू नका. एचएल-६० या ल्युकेमिया सेल्सना साधारण १.२५ टक्के डीएमएसओ दिलं तर त्या न्यूट्रोफिलसारख्या मॅच्युअर व्हायला लागतात, मग तुमच्या ड्रगचा इफेक्ट कुठला आणि सॉल्व्हंटचा कुठला? ०.१ टक्क्याच्या आत राहा.

आता ॲनेक्सिन, म्हणजे अपॉप्टोसिस ओळखायचं स्टेन. ते फॉस्फॅटिडिलसेरीनला (अपॉप्टोसिसमध्ये सेलच्या बाहेरच्या बाजूला येणारं लिपिड) चिकटतं ते कॅल्शियम असेल तरच, त्यामुळे कॅल्शियम पकडून ठेवणारं ईडीटीए असलेल्या बफरमध्ये स्टेन केलं तर सगळं निगेटिव्ह येणार. थेट ४८ तासांनीच बघितलं तर बहुतेक सेल्स ॲनेक्सिन आणि पीआय (पडदा फाटलेल्या सेल्समध्ये शिरणारा लाल डाय) दोन्ही पॉझिटिव्ह दिसतात, ते लेट अपॉप्टोसिस की नेक्रोसिस (सेल इजेने फुटून मरणं) हे मग सांगता येत नाही, म्हणून ४, ८, १२, २४ तास असे पॉइंट घ्या. मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या वर आणि हे स्टेन मोजणारं फ्लो सायटोमीटर मशीन बऱ्याचदा दुसऱ्याच बिल्डिंगमध्ये, तेव्हा ट्यूब्स बर्फात, फॉइल गुंडाळून न्या, तासाभरात रन करा. डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध वापरत असाल तर ते स्वतःच लाल चमकतं आणि पीआयच्या सिग्नलमध्ये मिसळतं, ड्रग दिलेल्या पण स्टेन न केलेल्या सेल्स पण रन करा.

थिसिसमध्ये "पी५३ मार्गे" लिहिताना तर फारच जपा! (पी५३ म्हणजे खराब झालेल्या सेलला मरायला लावणारं प्रोटीन.) एचएल-६० आणि के५६२ (ही दुसरी ल्युकेमिया सेल लाइन) यांच्यामध्ये चालणारं पी५३ नाहीच, तो मुद्दा पी५३ शाबूत असलेल्या मोल्म-१३ सेल्सवर दाखवा. के५६२ मध्ये बीसीआर-एबीएल हे सेल्सना जगवणारं प्रोटीन असल्याने त्या सहज मरत पण नाहीत, तिथे कमी रिझल्ट आला म्हणून कंपाउंड फेकून देऊ नका.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रोटीन्स आकाराने वेगळी करून ओळखायची टेस्ट) पार्प हे प्रोटीन ११६ वरून ८९ केडीएला तुटलेलं दाखवा, क्लीव्ह्ड कॅस्पेस-३ ची (अपॉप्टोसिसमध्ये प्रोटीन्स तोडणारं एन्झाइम, चालू झालेलं) अँटीबॉडी लावा, आणि एक सेट झेड-व्हॅड (कॅस्पेस बंद पाडणारं कंपाउंड) देऊन करा. त्याने सेल्स वाचल्या तर कॅस्पेसचंच काम. नाही वाचल्या तर मरण वेगळ्या रस्त्याने आलंय, तसंच लिहा, गाइडला आवडो न आवडो. आणि नॉर्मल पीबीएमसीवर (निरोगी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी) तोच डोस दिल्याशिवाय "सिलेक्टिव्ह" हा शब्द वापरू नका.